पेन्सिलीनं लिहिलेला सौदा

हळदीच्या पेढीवरचे हिशेबनीस, दिवाणजी, सौदा आधी पेन्सिलीनं लिहितात, हे मला कळायला साडेतीन महिने लागले. कळलं तोवर माझा प्रोग्रॅम चालू होऊन आठवडा झाला होता आणि माझ्या प्रिंटरमधून निघालेला एक चुकीचा कागद एका शेतकऱ्याच्या खिशात जाऊन बसला होता.

पुण्यात नऊ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मी सांगलीला परत आले ती आईच्या आजारपणामुळे. इथं आल्यावर मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत पेढीचं काम मिळालं. आवक, सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद), व्यापाऱ्यांची येणी असं सगळं वह्यांमधून कॉम्प्युटरवर आणायचं होतं. पुण्यात मी बँकांची आणि विमा कंपन्यांची कामं केली होती. रिक्वायरमेंट घेण्यात, म्हणजे क्लायंटला नेमकं काय हवं ते विचारून लिहून घेण्यात, आपला हात कोण धरणार, अशी माझी खात्री होती.

शेठच्या केबिनमध्ये आमच्या दोन बैठका झाल्या. शेठ मोकळेपणानं बोलले, मी भराभर लिहून घेतलं. चौदा पानं झाली, बावन्न मुद्दे. शेठनी ती पानं खरोखर वाचली (हे फार कमी क्लायंट करतात), दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि सही केली. सतरावा मुद्दा असा होता: सौदा झाला की माल विकला गेला असे धरावे व शेतकऱ्यास त्याची रक्कम लगेच दिसावी. या वाक्यात मला काहीही खटकलं नाही. शेठनाही नाही.

हळदीचा सौदा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत नवी हळद यायला लागते. शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली. वाळव्याकडून येते, कृष्णाकाठच्या गावांतून येते, कर्नाटकातूनही येते. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. पोत्यांची थप्पी लागते, पोती फोडून नमुना समोर ठेवतात, व्यापारी येतात, हळकुंड मोडून आतला रंग बघतात, बोली लागते. काही मिनिटांत भाव ठरतो आणि सगळे पुढच्या थप्पीकडे सरकतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथला भाव बघून बाहेरचे बाजार आपला भाव ठरवत आलेत. हंगामात यार्डात उभं राहिलं की तासाभरात कपाळावर, पापण्यांवर पिवळी पूड बसते. माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डमधून ती अजून पुरती निघालेली नाही.

चुकीच्या कागदाची गोष्ट अशी. सीमेपलीकडच्या एका गावातून साठीचे एक शेतकरी आले होते, बत्तीस पोती घेऊन. सकाळी सौदा झाला, क्विंटलला दहा हजार. मुद्दा क्रमांक सतराप्रमाणे माझ्या प्रोग्रॅमनं त्याच क्षणी माल विकला असं नोंदवलं. वजन अजून झालेलं नव्हतं, म्हणून पोत्याला साठ किलो धरून रक्कम काढली आणि कागद छापला. तळाशी बारीक अक्षरात 'अंदाजे' असं मराठीत लिहिलेलं होतं. त्यांना कन्नड वाचता येत होतं, मराठी नाही. आकडा मात्र त्यांना कळला. त्यांनी घरी फोन लावला, कुणाला किती द्यायचे ते ठरवून टाकलं, मोटारीच्या दुरुस्तीवाल्याला शब्द दिला. संध्याकाळी काट्यावर वजन झालं. बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं वजन, वजा जाता अठरा क्विंटल पाच किलो भरलं. कागदावर होते एकोणीस क्विंटल वीस किलो. साडेअकरा हजारांचा फरक.

ते भांडले नाहीत. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. तो कागद त्यांनी चार घड्या करून खिशात ठेवला होता. तो काढून उलगडला आणि माझ्यासमोर धरला. छापलेलं खोटं कसं असेल, एवढाच प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. दिवाणजींनी त्यांना बाजूला नेलं, बाकावर बसवलं, कन्नडमध्ये सावकाश समजावून सांगितलं. अर्धा तास लागला. त्यांच्या घड्याळातला आणि आयुष्यातला तो अर्धा तास माझ्या एका वाक्यानं खाल्ला होता.

रात्री पेढी बंद होताना दिवाणजींनी आपली वही माझ्यापुढे ठेवली. "बाळ, हे बघ," म्हणाले. सकाळच्या सौद्यांचं पान. भाव, नाव, पोती, सगळं पेन्सिलीनं. ज्यांचं वजन झालं होतं त्या ओळींवरून निळ्या पेनानं पुन्हा लिहिलेलं. दोन ओळी अजून पेन्सिलीतच होत्या. एका शेतकऱ्यानं भाव परवडत नाही म्हणून माल दिला नव्हता. दुसऱ्याच्या खालच्या पोत्यांत माल हलका निघाला, म्हणून व्यापारी भावात सूट मागत होता.

"दिवाणजी, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठं? आणि आम्हाला तरी काय ठाऊक, हे सांगायचं असतं म्हणून. चाळीस वर्षं असंच लिहितोय."

या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला. दिवाणजींनी काहीही लपवलं नव्हतं. ती पेन्सिल रोज सगळ्यांसमोर, त्यांच्या कानामागे होती. जी गोष्ट माणूस रोज हातानं करतो ती तोंडानं सांगायची त्याला सवय नसते. भाकरी थापणारीला पीठ किती ओलं हवं ते विचारून पाहा. ती सांगेल, हाताला लागतं तेवढं.

मग मी केबिन सोडली आणि काट्याजवळ जाऊन बसले. अकरा दिवस. लॅपटॉप नाही, फक्त वही. एकच प्रश्न घेऊन फिरले: माल विकला म्हणजे नेमका केव्हा? शेठ म्हणाले, भाव ठरला की. खरेदीदार म्हणाला, वजन झालं की, त्याआधी मी पैशाला बांधील नाही. काट्यावरचे हमालमामा म्हणाले, "ताई, पोतं शिवलं, गाडीत चढलं, की इकला. तवाच आमची हमाली लागती." एक तरुण शेतकरी म्हणाला, पट्टीचे पैसे खात्यावर जमा झाल्याचा मेसेज येतो तेव्हा. दिवाणजी म्हणाले, मी पेन फिरवतो तेव्हा. एकाच पेढीत, एकाच छपराखाली, एका साध्या मराठी क्रियापदाचे पाच क्षण. सकाळच्या दहापासून पुढच्या कित्येक दिवसांपर्यंत पसरलेले. माणसांच्या बोलण्यात ते पाचही सुखानं नांदतात, कारण समोरच्याचा कुठला ते प्रत्येकाला माहीत असतं. प्रोग्रॅमला एकच कळतो. आणि तो कुठला, हे ठरवताना मी कुणाचा तरी पैसा, कुणाचा तरी धोका इकडचा तिकडे सरकवत होते. शेठचा क्षण निवडला म्हणून शेतकऱ्याचा फसला.

अशा एका शब्दाची किंमत विमानतळावर काय होते ते १४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्सात दिसलं. लुफ्तान्साचं ए-३२० विमान पावसात उतरत होतं. उतरल्यावर वेग मारण्यासाठी पंखांवरचे पत्रे उभे राहतात आणि इंजिनाचा जोर उलटा फिरतो. हे हवेत असताना चुकून घडलं तर अनर्थ, म्हणून 'विमान जमिनीवर आहे' अशी संगणकाची खात्री झाल्याशिवाय ते होऊ द्यायचं नाही अशी रचना होती. अत्यंत शहाणी अपेक्षा. पण 'जमिनीवर' म्हणजे काय? दोन्ही बाजूंच्या चाकांच्या दांड्यांवर पुरेसा भार आला पाहिजे, किंवा, पंखांवरच्या पत्र्यांपुरतं, चाकं ठरावीक वेगानं फिरू लागली पाहिजेत, अशी ती व्याख्या. वैमानिकांना आडव्या वाऱ्याची सूचना मिळालेली, म्हणून त्यांनी विमान एका अंगावर किंचित कलतं टेकवलं. धावपट्टीवर पाणी, चाकं फिरण्याऐवजी पाण्यावर घसरली. दुसऱ्या बाजूचं चाक टेकायला सुमारे नऊ सेकंद गेले. तेवढा वेळ विमान डोळ्यांना जमिनीवर होतं आणि संगणकाला हवेत. धावपट्टी संपली, विमान पुढच्या बांधावर आदळलं, आग लागली, दोन माणसं गेली. वाऱ्याची माहिती, उतरण्याचा वेग, ओली धावपट्टी अशी कारणं इतरही होती. पण संगणकानं आपलं काम सांगितल्याबरहुकूम केलं होतं. मला ते नऊ सेकंद सारखे आठवतात, कारण माझ्या प्रोग्रॅममध्येही नेमकी अशीच फट होती: सौद्यापासून काट्यापर्यंतची.

मायकेल जॅक्सन नावाचे एक ब्रिटिश संगणकतज्ज्ञ आहेत, गायक नव्हेत. त्यांनी आयुष्यभर एक गोष्ट मांडली: गरज ही बाहेरच्या जगातली असते, यंत्रातली नसते. यंत्राला जग दिसत नाही. त्याला दिसतो दांडीवरचा भार, काट्यावरचा आकडा, कुणीतरी दाबलेलं बटण. जग आणि तो आकडा यांच्यामध्ये आपण जे गृहीत धरतो, तिथं सगळे घात होतात.

आमच्या धंद्यात 'रिक्वायरमेंट घेऊन ये' असं म्हणतात. जणू क्लायंटनं ती पिशवीत भरून दारात ठेवली आहे आणि आपण रिक्षानं जाऊन आणायची. इंग्रजीत तर ती गोळा करतात, काढणीनंतर रानात राहिलेल्या शेंगा वेचाव्यात तशी. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथं जाणकार जमले, सॉफ्टवेअरची कामं का फसतात यावर बोलले, त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्यानंतर अपेक्षा कशा लिहाव्यात याची मानकं आली. मग २००१ मध्ये सतरा जणांनी एकत्र येऊन सांगितलं की जाड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर आणि ग्राहकाशी सततचं बोलणं मोलाचं. दोन्ही पंथांत मी काम केलंय. कागद जाड असो की पातळ, सही सुरुवातीला असो की दर पंधरवड्याला, खोलीत बसलेल्या माणसाला पेन्सिल ठाऊकच नसेल तर ती कागदावर येत नाही.

काट्याजवळच्या दिवसांत आणखी एक गोष्ट सापडली आणि ती मला जास्त लागली. पेढीत जुना एक प्रोग्रॅम होता. शेठ म्हणाले होते, वजावटी जुन्यासारख्याच ठेवा. मी जुना हिशेब उघडला, पोत्यामागे एक किलो बारदान वजा होत होतं, तसंच उतरवलं. 'जुन्यासारखंच' ही अपेक्षा ऐकली की आम्हाला हायसं वाटतं, कारण विचारायचं काही उरत नाही. सहाव्या दिवशी हमालमामा पाठीवरचं पोतं उतरवून म्हणाले, "ताई, गोणपाटाचं किलोभर ठीक हाय. ह्या प्लॅस्टिकच्या पोत्याचं कुठलं किलो? हातात घेऊन बघा की." घेतलं. शंभर-दीडशे ग्रॅमही असेल-नसेल. जुना प्रोग्रॅम लिहिला गेला तेव्हा सगळा माल गोणपाटातून यायचा. नियम खरा होता, त्याच्या पायाखालचं पोतं बदललं होतं. बत्तीस पोत्यांवर पंचवीस-तीस किलो हळद, निव्वळ एका जुन्या ओळीपायी. मी शेठना काट्यावर बोलावलं आणि रिकामं पोतं त्यांच्या हातात दिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात बारदान दोन प्रकारचं झालं.

युरोपचं एरियन-५ रॉकेट ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात, चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं, ते अशाच एका उचललेल्या ओळीपायी. दिशा आणि वेग सांगणारा प्रोग्रॅम एरियन-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. त्यातला एक हिशेब उड्डाणानंतर काही सेकंद चालू ठेवण्याला जुन्या रॉकेटमध्ये कारण होतं. नव्यात त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी तो चालू राहिला. नवं रॉकेट आडव्या दिशेनं अधिक वेगानं सरकायचं. तो मोठा आकडा सोळा बिटांच्या जागेत मावला नाही. यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्रॅम, तीही पडली.

गृहीतकं अशी जमिनीखाली असतात. हे म्हणताना मला हरिपूर आठवतं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. वरून बंद केलेल्या पेवात हवा कोंडलेली, त्यामुळे कीड लागत नसे, माल वर्षानुवर्षं टिके. सगळी भिस्त एकाच गोष्टीवर: पाणी इथवर येत नाही. ती कुणी लिहून ठेवली नव्हती. लिहायची गरज काय, पिढ्यान्‌पिढ्या आलं नव्हतं. २००५ च्या महापुरात आलं. पेवांत शिरलं, हळद गेली आणि हळूहळू व्यापारी गोदामांकडे, कोल्ड स्टोअरेजकडे वळले. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आता मी सांगलीत कुणाचंही काम घेते तेव्हा पहिल्या दिवशी विचारते की पाणी आलं तर कॉम्प्युटर कोण उचलणार, कुठल्या मजल्यावर नेणार. इथं या प्रश्नाला कुणी हसत नाही.

पावसाळ्यात तर प्रोग्रॅमनंच आडमुठेपणा केला. गोदामातून जाणारा माल आलेल्या मालापेक्षा जास्त असूच शकत नाही, अशी अट मी स्वतःच्या अकलेनं घातली होती. पुण्यातल्या बँकेत असं होतच नाही. पण वाळलेली हळद पावसाळी हवेतला ओलावा धरते आणि वजनाला भरते. जुलैत एके दिवशी गाडी भरली आणि पडद्यावर लाल पट्टी आली: नोंद अमान्य. बाहेर पाऊस, गाडीवाला खोळंबलेला, आणि दिवाणजी मला फोनवर सांगताहेत की बाळ, हळद श्वास घेते गं.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेनं २६ ऑक्टोबर १९९२ रोजी आपलं सगळं गाड्या पाठवण्याचं काम नव्या संगणक यंत्रणेवर टाकलं. प्रत्येक गाडी कुठं आहे, रिकामी आहे की नाही, हे यंत्रणेला सतत अचूक कळेल असं धरलं होतं. प्रत्यक्षात गाडीवरची माणसं धावपळीत असायची, बटणं मागं-पुढं दाबली जायची, कधी संदेश पोचायचे नाहीत. यंत्रणेच्या मनातलं लंडन आणि खरं लंडन एकमेकांपासून लांब गेलं. एका रुग्णाकडे दोन गाड्या, दुसऱ्याकडे एकही नाही. वैतागलेले लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले, त्या फोनांनी यंत्रणा आणखी तुंबली. दीड दिवसात अर्धं काम पुन्हा हातांनी सुरू झालं, आणि ४ नोव्हेंबरला तर यंत्रणा पूर्ण बंद पडून कागदावर परतावं लागलं. पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. रुग्णवाहिका चालवणाऱ्या माणसांना ही यंत्रणा घडवताना नीट सामील करून घेतलेलं नव्हतं, हे त्यातून दिसलं. ती वाक्यं मी यार्डातून घरी आल्यावर वाचली होती. हाताला हळदीचा वास होता.

तेव्हापासून बैठकीला गेले की मी आधी मोजते, खोलीत कोण नाही.

पेढीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा बायका हळद निवडतात. हळकुंड, गड्डा, कणी वेगळी करतात, माती झाडतात. त्यांची हजेरी आणि रोजाची मजुरी मुकादमाच्या वहीत असते. बावन्न मुद्द्यांमध्ये त्यांचं नाव एकदाही नव्हतं. मला ते फार लागलं आणि ही चूक आपण भरून काढायची असं मी मनाशी धरलं. शेठना सांगितलं. ते लगेच हो म्हणाले, अंगठ्याचं मशीन बसवू, वेळच्या वेळी पगार होईल, कुणाचा रोज बुडणार नाही. मी खूश होऊन शेडमध्ये गेले, मावश्यांच्या घोळक्यात बसले आणि काय काय होणार ते सांगितलं.

सगळ्या ऐकत होत्या, हात चालू होते. मग सगळ्यात मोठ्या मावशी म्हणाल्या, "आमचं नाव नको घालूस बाई त्यात."

"का मावशी? पैसे वेळेवर मिळतील."

त्यांनी शेजारच्या तरुण बाईकडे हनुवटीनं खूण केली. "हिचं पोरगं बालवाडीत. ती साडेनऊला येती. मुकादम नऊच लिहितो. मी जाते दवाखान्यात महिन्यातनं एकदा, त्यो अर्धा दीस धरत न्हाय. तुझ्या मशिनीला काय सांगायचं?"

मी काहीच बोलले नाही. त्यांनी सूप उचललं, झटकलं, पिवळी धूळ उडाली. मुकादम चांगला आहे म्हणून हे चालतं, उद्या दुसरा आला तर हीच वही तो उलटी चालवील, हे मला दिसत होतं. मावशींनाही दिसत असणार, माझ्याहून जास्त. शेठना वेळेची नोंद हवी, त्यात त्यांचं काही वाईट नाही. मावशींना ती नोंद नको, त्यात त्यांचं काही चुकत नाही. आणि पेन्सिल मी एकदा समजून घेतली म्हणून इथं काय करायचं ते मला आपोआप कळत नव्हतं.

पुढच्या फेरीच्या कागदात मी मुद्दा लिहिला आहे: निवड विभाग, हजेरी. त्यापुढे अजून काही नाही. शेठचा दोनदा फोन येऊन गेला. सोमवारी पुन्हा शेडमध्ये जाऊन बसणार आहे. मावशींनी सांगितलंय की येशील तर दुपारी ये, डब्याच्या वेळेला, तेव्हा मुकादम जेवायला घरी जातो.